न विचारता दिलेला स्टोव्ह

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

"नारायण पेठेतली आमची इमारत पुनर्विकासाला गेली. दिवाळीच्या आत घर रिकामं करून द्यायचं आहे. पुढची तीन वर्षं सिंहगड रस्त्याला दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात काढायची आहेत. सासूबाई ७६ वर्षांच्या. माळ्यावरची एक वस्तू टाकू देत नाहीत. पितळी डबे, नावं घातलेल्या स्टीलच्या भांड्यांच्या दोन गोणी, साड्यांची ट्रंक, मोडी कागदांचं बोचकं, फोटोंचे अल्बम. मागच्या आठवड्यात त्या भजनाला गेल्या होत्या, तेव्हा मी माळ्यावरचा जुना पितळी स्टोव्ह भंगारात दिला. यांच्या कॉलेजच्या वेळी आई विद्यार्थ्यांना डबे करून द्यायच्या, तेव्हाचा असावा. पंचवीस वर्षांत त्याला कुणी हात लावला नव्हता. ३८० रुपये आले. कळल्यावर आई एवढंच म्हणाल्या, 'दिलास ना, जाऊ दे.' तेव्हापासून माझ्याशी कामापुरतं बोलतात. एकदा मात्र म्हणाल्या, 'आमचं एकदा सगळं वाहून गेलंय, तुला काय कळणार.' यांचं म्हणणं, तुमचं तुम्ही बघा. पंधरा वर्षांची मुलगी म्हणते, आजीचं सगळं ऑनलाइन विकून टाका. माझं माहेर सांगलीचं, मला वस्तूंचा सोस नाही. एका बंद पडलेल्या स्टोव्हमध्ये एवढं काय असतं? आणि उरलेल्या पसाऱ्याचं काय करू?"

— एक सून, नारायण पेठ

प्रिय ताई,

तुमचा मेल आला त्याच दिवशी मी दोन ओळी पाठवल्या होत्या की बाकीचं नंतर बोलू, आधी त्या भंगारवाल्याकडे जाऊन या. तुम्ही लगेच गेलात. तांबं-पितळ वेगळं काढून दर शनिवारी टेम्पोनं पुढे जातं, तुमचा माल गेला, असं त्यानं सांगितलं. मला हे कळवताना तुम्ही शेवटी लिहिलंत, "मी दुकानाबाहेर बराच वेळ उभी राहिले." वस्तूत एवढं काय असतं, असं विचारणारी बाई भंगाराच्या दुकानाबाहेर बराच वेळ का उभी राहिली, याचा मी दोन दिवस विचार करत होते. म्हणून हे जरा सविस्तर लिहितेय.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच पत्रात आहे. "यांच्या कॉलेजच्या वेळी आई विद्यार्थ्यांना डबे करून द्यायच्या, तेव्हाचा असावा." हे वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंत आणि पुढच्याच वाक्यात ३८० रुपयांवर आलात. मी तिथेच थांबले.

तो स्टोव्ह तुमच्या लेकीनं पेटलेला पाहिला नसेल, कदाचित तुम्हीही नाही. तीन पाय, मध्ये पितळी टाकी, टाकीत रॉकेल. आधी वरच्या वाटीत स्पिरिट ओतून किंवा रॉकेलचा बोळा पेटवून बर्नर तापवायचा, मग पंप मारायचा. पहिल्यांदा पिवळी, काजळी धरणारी ज्योत येते. मग एकदम भर्र आवाज होतो आणि ज्योत निळी होते. छिद्रात काही अडकलं की पिन मारायची. पंपाचं चामड्याचं वॉशर सुकलं की हवा धरत नाही, मग त्याला तेलाचं बोट लावायचं. हाताचा रॉकेलचा वास साबणानं जात नाही. रोज वापरणाऱ्या बाईला नुसत्या आवाजावरून कळायचं की आता पंप मारायला झालाय. दुसऱ्या कुणी पेटवला तर तोच स्टोव्ह भडकायचा.

आईंनी त्यावर किती डबे केले, पहाटे किती वाजता उठायच्या, त्या पैशातून तुमच्या यजमानांची फी भरली गेली का, हे मला माहीत नाही. तुमच्या पत्रावरून दिसतं की तुम्हालाही माहीत नाही. ते सांगू शकेल असं घरात एकच माणूस आहे, आणि तेच सध्या तुमच्याशी कामापुरतं बोलतंय.

तुम्ही वाईट हेतूनं काही केलं नाहीत, हे मला पक्कं ठाऊक आहे, कारण हेच मीही केलंय. माझे वडील २००३ साली गेले. घर आवरताना कपाटात त्यांच्या हिशेबाच्या बावीस वह्या सापडल्या. दर वर्षाची एक, लाल कापडी पाठीची. मी चार पानं चाळली. दूध, किराणा, वाणी, दिवाबत्ती. कुणाला लागणार, म्हणून रद्दीत दिल्या. रद्दीवाल्यानं वह्या तराजूत ठेवल्या, काटा पाहिला, पैसे दिले. आई खुर्चीवर बसून बघत होती. काही बोलली नाही. पुढे कितीतरी महिन्यांनी म्हणाली, "रोज रात्री जेवण झाल्यावर लिहायचे ते. मी शेजारी बसून सांगायची काय काय आणलं ते." माझ्या दृष्टीनं त्या जमाखर्चाच्या वह्या होत्या. तिच्या दृष्टीनं ती रोजची अर्धा तास दोघांची बैठक होती, आणि ती बावीस वर्षांची बैठक मी किलोवर दिली.

एक वही चुकून राहिली, १९७४ची. माझ्या शाळेच्या दाखल्यांच्या पिशवीत गेली होती. त्यातलं ऑगस्टचं एक पान मला पाठ आहे. "रॉकेल. स्टोव्हची पिन २ नग. वह्या. बाहुली, तुळशीबाग — हट्ट." बाहुलीच्या रकमेपुढे एवढा एकच शब्द, बारीक अक्षरात. त्याखालची नोंद अशी: "माझी चप्पल — अंगठा शिवून घेतला." नवी घेतली नाही. ती बाहुली मला आठवत नाही, हट्ट तर मुळीच आठवत नाही. पण त्या दोन ओळी एकाखाली एक वाचल्यापासून ती वही माझ्या कपाटात साड्यांच्या वर असते. घराला आग लागली तर मी दागिने सोडून ती उचलेन. बाजारात विचाराल तर तिला रद्दीचा भाव येईल.

म्हणून स्टोव्हमध्ये काय असतं, या प्रश्नाला मी "पितळ" असं उत्तर देणार नाही आणि "भावना" असंही नाही. त्या स्टोव्हमध्ये आईंनी कमावलेले पैसे आहेत. नोकरी न केलेल्या त्या पिढीच्या किती बायकांकडे स्वतःच्या कमाईची खूण असते? ना पगाराची स्लिप, ना सर्टिफिकेट. एक स्टोव्ह असतो, एक शिलाई मशीन असतं, पापडाचं एक लाटणं असतं. निवृत्त माणसाचं निरोपसमारंभातलं घड्याळ आपण दिवाणखान्यात लावतो आणि हा स्टोव्ह माळ्यावर टाकतो, एवढाच फरक.

दुसरं वाक्य, "आमचं एकदा सगळं वाहून गेलंय." ताई, तुम्ही त्याचा अर्थ लावायचा प्रयत्न केलेला दिसत नाही. आईंचं माहेर नदीकाठच्या पेठांतलं आहे का, विचारून बघा. १२ जुलै १९६१ला पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासला, आणि मुठेचं पाणी नारायण, शनिवार, कसबा अशा पेठांमध्ये घरांत शिरलं. वाडेच्या वाडे पडले. आज ७६ वर्षांच्या असलेल्या बाई तेव्हा दहा-बारा वर्षांच्या असणार. ज्यांची घरं गेली त्यांतल्या अनेकांना पुढे गोखलेनगर, सहकारनगरसारख्या नव्या वसाहतींत जागा मिळाल्या. पाणी ओसरल्यावर चिखलातून भांडी धुवून काढणाऱ्या बायकांच्या गोष्टी मी लहानपणी खूप ऐकल्या आहेत. अशा घरातल्या मुलीला पुढे साठ वर्षं "हे लागत नाही, टाक" म्हणणं जड जातं, तर त्यात हट्टीपणा किती आणि त्या दिवसाचा भाग किती, हे तोलून बघा.

आणि तुम्ही तर सांगलीच्या. कृष्णेचा २००५चा आणि २०१९चा पूर तुमच्या माहेरानं पाहिला असेल. एक करा. आईला, म्हणजे तुमच्या आईला, फोन करून विचारा की पाणी चढताना वरच्या मजल्यावर सगळ्यात आधी काय नेलं होतं. कागदपत्रं आणि दागिन्यांनंतर तिसरी वस्तू कोणती, ते नीट ऐका. त्या तिसऱ्या वस्तूत तुम्हाला सासूबाई समजतील.

आता माफीचं. स्टोव्ह परत येणार नाही, हे आईंना सांगा. "जुन्या बाजारात अगदी तस्साच मिळतो, रविवारी आणते" असं चुकूनही म्हणू नका. कुंभारवेशीजवळ बुधवार-रविवार भरणाऱ्या त्या बाजारात पितळी स्टोव्ह मिळेलही, पण तो दुसऱ्या कुणाच्या तरी सासूबाईंचा असेल. ते ३८० रुपये त्यांच्या हातात ठेवू नका. मला सगळ्यात जास्त काळजी याची वाटते, कारण तुमचा स्वभाव सरळ आहे आणि तुम्ही नेमकं तेच करायला जाल. पैसे हातात दिले की तुम्ही त्या वस्तूची किंमत ठरवलीत असं होतं. सरळ म्हणा, "आई, मी तुम्हाला न विचारता दिला, चुकलं माझं. मी परत आणायला गेले होते, पण तो पुढे गेलाय." तुम्ही दुकानाबाहेर उभ्या राहिलात, तेही सांगा. मग गप्प बसा. त्या "जाऊ दे" म्हणतील. पहिल्या दिवशी एवढंच होईल आणि तेवढं पुरे.

दोन-चार दिवसांनी, दुपारचा चहा झाल्यावर, माळ्यावरची एकच वस्तू खाली काढा. एकच. आणि "हे का ठेवायचंय?" असं विचारू नका. "का" विचारलं की माणूस आरोपीच्या पिंजऱ्यात जातो आणि मग "असू दे, लागेल कधीतरी" असलं काहीतरी बोलून मोकळा होतो. "हे कुठून आलं?" असं विचारा. सांगता सांगता काही वस्तूंबद्दल त्या स्वतःच म्हणतील, "हे दे कुणाला तरी." वस्तू ज्याची, त्यानं सोडली की ती सुटते. दुसऱ्यानं सोडवली की ती कायमची अडकून बसते, तुमचा स्टोव्ह आता बसलाय तशी.

त्या जे सांगतील ते लिहून घ्या. त्यांच्याच शब्दांत, चिठ्ठीवर, आणि चिठ्ठी वस्तूला दोऱ्यानं बांधा. स्टोव्हचीही एक चिठ्ठी करा. वस्तू नाही, तरी करा.

नव्या घरात जागा किती, हे त्यांच्यापासून लपवू नका. दोन खोल्यांत सगळं मावणार नाही, हे त्यांनाही कळतं. त्यांनी आयुष्यभर पेठेतल्या खोल्यांत संसार केलाय. एक कपाट किंवा ती ट्रंक पूर्णपणे त्यांची, असं ठरवा. तिच्यात काय ठेवायचं ते त्या ठरवतील, तुम्ही आत डोकावायचं नाही. ट्रंक भरली की काय काढायचं तेही त्याच ठरवतील.

बाकीच्या वस्तूंचं झटपट सांगते. मोडी कागदांचं बोचकं रद्दीत जाऊ देऊ नका, त्यात नुसत्या कर्जाच्या पावत्या निघाल्या तरी. सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. इतिहासकार वि. का. राजवाडे गावोगाव हिंडून लोकांच्या घरातली जुन्या कागदांची दप्तरं गोळा करायचे, त्यांच्या पुढाकारानं १९१० साली ते सुरू झालं. तिथे जाऊन मोडी वाचणाऱ्या माणसाची चौकशी करा. फोटो चिकट पानांच्या अल्बममध्ये असतील तर सावकाश काढा, त्या गोंदानं फोटो पिवळे पडतात. लॅमिनेट करू नका. मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीनं नावं लिहा, बॉलपेन नको. आणि हे काम आई आहेत तोवरच होणार आहे, कारण १९६०च्या फोटोतली मागच्या रांगेतली बाई कोण, हे तुमचे यजमान सांगू शकणार नाहीत. साड्यांच्या ट्रंकेत जरीची साडी असेल तर सुती कापडात गुंडाळा, डांबराच्या गोळ्या जरीला लागू देऊ नका, आणि वर्षातून दोनदा घडी मोडून वेगळी घाला. नाहीतर घडीवरच रेशीम तुटतं. पितळी डब्यांत कोरडं धान्य ठेवता येईल. पातेली असतील तर कल्हई करून रोजच्या वापरात आणा. कल्हईवाला येईल तेव्हा लेकीला घरी थांबायला सांगा: तापलेल्या पातेल्यात नवसागर टाकल्यावर उठणारा पांढरा धूर, आणि कापसाच्या बोळ्यानं कथील फिरवलं की काळंकुट्ट पातेलं चांदीसारखं होतं तो क्षण. वापरातल्या वस्तूला कुणी अडगळ म्हणत नाही.

स्टीलच्या भांड्यांच्या गोणी मात्र मला महत्त्वाच्या वाटतात. प्रत्येक भांडं उलटं करून त्यावर कोरलेलं नाव वाचा. कुणाच्या लग्नात, कुणाच्या मुंजीत, कोणत्या आत्याकडून, तारखेसकट. आपल्याकडे घराण्याची वंशावळ ही अशी तांब्या-पेल्यांवर ठिपक्या-ठिपक्यांनी लिहिलेली असते. ज्या नावाला आई "अगं ही तर" म्हणतील ते ठेवा, किंवा त्या नावाच्या माणसाच्या मुलांना नेऊन द्या. ज्या नावावर त्या आठवून आठवून थकतील ते निर्धास्तपणे द्या.

लेकीवर रागावू नका. १९८१ साली मिहाय चिक्सेंटमिहाय आणि यूजीन रॉचबर्ग-हॉल्टन या दोन अभ्यासकांनी एक पाहणी प्रसिद्ध केली. शिकागो परिसरातल्या ८२ कुटुंबांतल्या ३१५ जणांना त्यांनी विचारलं होतं, घरातली तुमची सगळ्यात जिवाभावाची वस्तू कोणती आणि का. मुलांनी बहुतेक करून स्टिरिओसारख्या, ज्यांच्याशी काहीतरी करता येतं अशा वस्तू सांगितल्या. आजी-आजोबांनी फोटो सांगितले, ज्यांतून माणसं आठवतात अशा वस्तू. एकाच घरात, एकाच छपराखाली. तुमची मुलगी तिच्या वयाचं बोलतेय. तिला विचारा, तुझा मोबाइल किंवा सायकल मी न विचारता विकली तर? ती आजीकडे जाऊन बसेल, मला खात्री आहे.

आणि सामान हलवण्याच्या गडबडीतून एक दुपार काढून आईंना शुक्रवार पेठेत राजा दिनकर केळकर संग्रहालयात न्या. पुण्यात राहूनही कितीतरी जण तिथे शाळेच्या सहलीनंतर गेलेले नसतात. दिनकर केळकर कवी होते, 'अज्ञातवासी' या नावानं लिहायचे. १९२०च्या सुमारास त्यांनी वस्तू जमवायला सुरुवात केली आणि सात वर्षांचा होऊन गेलेल्या आपल्या मुलाचं, राजाचं, नाव संग्रहालयाला दिलं. २०,००० हून अधिक वस्तू, त्यांतल्या मांडलेल्या अडीच हजारांच्या आसपास. १९७५ साली त्यांनी हे सगळं सरकारला देऊन टाकलं. तिथे अडकित्ते आहेत, दिवे आहेत, पाय घासायच्या वज्री आहेत. कुणाच्या तरी माळ्यावरून आलेल्या वस्तू. आईंना तिथे घाई करू नका. त्या ज्या कपाटासमोर थांबतील तिथे तुम्हीही थांबा.

शेवटी एक विचारायचंय. तुमचं पत्र चांगलं चार पानी आहे. त्यात सासूबाईंच्या नऊ वस्तू आहेत, लेकीचा मोबाइल आहे, यजमानांची पुस्तकं आहेत. तुमची एकही वस्तू नाही. "मला वस्तूंचा सोस नाही" एवढंच आहे. सांगलीहून लग्न होऊन आलात तेव्हा बॅगेत काहीतरी असेलच, कुणी हातात ठेवलेलं, अजून कुठल्या तरी खणात पडलेलं. आईंना पहिल्या दुपारी "हे कुठून आलं" विचाराल ना, तेव्हा आधी ती काढून त्यांना दाखवा. आणि ती कोणती निघाली, ते मला नव्या घराच्या पत्त्यावरून कळवा.

तुमची,
सदरलेखिका